गव्हाचा कण आणि दुधाचा कप

प्रश्न : मी ३६ वर्षांची शिक्षिका असून जुळे सोलापुरात सासू-सासरे, पती आणि आठ वर्षांच्या मुलीसह राहते. घर शाकाहारी आहे. गेली दोन वर्षे पोट फुगणे, आठवड्यातून तीन-चार वेळा जुलाब आणि सततचा थकवा असा त्रास होतो. हिमोग्लोबिन ८.६ आहे आणि आठ महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ते जागचे हललेले नाही. एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून मी रक्ताची 'फूड इन्टॉलरन्स' तपासणी करून घेतली. अहवालात दूध आणि गहू या दोन्हींपुढे लाल खूण आली. तेव्हापासून, म्हणजे सव्वा महिन्यापासून, दूध, दही, ताक, तूप मी पूर्ण बंद केले आहे. पोळी सोडून ज्वारीची भाकरी खाते. मात्र सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून रविवारी एखादी पोळी आणि कोणाकडे पूजा असली तर प्रसादाचा शिरा घेते. निम्मा त्रास कमी झाला, निम्मा तसाच आहे. काही जण म्हणतात की खपली गहू चालतो. सासूबाईंच्या मते ही सगळी थेरं आहेत. आता मी खायचे तरी काय? हे जन्मभर असेच राहणार का? मुलीचेही पोट अधूनमधून दुखते आणि वर्गात तिची उंची सर्वांत कमी आहे, तर तिचेही दूध व पोळी बंद करू का? — श्रीमती म. कु., सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रात पोटाच्या तक्रारींना सर्वाधिक जागा मिळाली आहे, पण माझे लक्ष वेधून घेतले ते लोहाच्या गोळ्यांविषयीच्या एका वाक्याने. आठ महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर गोळी पोटात जाते पण तिच्यातील लोह रक्तापर्यंत पोहोचत नाही, असा संशय घ्यावा लागतो. (पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगा, त्याने चित्र बदलते.) लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे होणाऱ्या सेलिॲक आजारात सर्वाधिक नुकसान नेमके त्याच भागाचे होते. तुम्हाला हा आजार आहेच, असे मी म्हणत नाही. पत्र वाचून असे निदान कोणालाही करता येणार नाही. परंतु तो आहे की नाही हे कळल्याशिवाय आहाराची कोणतीही यादी देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होईल, आणि अशी यादी मी देणार नाही.

आणखी एक गोष्ट पत्रातून स्पष्ट दिसते. तुम्ही दूध, अगदी तुपाच्या थेंबापर्यंत, कडकपणे वर्ज्य केले आहे आणि गहू मात्र रविवारपुरता, प्रसादापुरता चालू ठेवला आहे. तुमची अडचण खरोखर सेलिॲकची असेल, तर हा बंदोबस्त नेमका उलटा झाला आहे. लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, न पचणाऱ्या माणसाला थोडे दूध सहसा चालते, जास्त झाले की त्रास होतो आणि तो त्रास काही तासांत ओसरतो. आतड्याला त्यातून इजा होत नाही. सेलिॲक आजारात मात्र गव्हाचा अल्पसा अंशही शरीराच्या संरक्षणयंत्रणेला डिवचतो, ती यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते, आणि पोट दुखो वा न दुखो, आतून झीज चालू राहते. म्हणून 'दोन्ही सोसत नाही' या एका वाक्यात या दोन गोष्टी एकत्र बांधू नयेत. एकीत प्रमाणाचा हिशेब असतो, दुसरीत प्रमाणाला जागाच नसते.

आता तुमच्या अहवालाकडे वळू. अशा 'पॅकेज' तपासण्यांमध्ये बहुधा निरनिराळ्या खाद्यपदार्थांविरुद्धची आयजीजी प्रकारची प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) मोजलेली असतात. आपण जो पदार्थ नेहमी खातो, त्याच्याविरुद्ध अशी प्रतिद्रव्ये रक्तात सापडणे स्वाभाविक आहे. त्यावरून तो पदार्थ पचत नाही असा निष्कर्ष निघत नाही. ॲलर्जीतज्ज्ञांच्या युरोपातील व अमेरिकेतील संघटनांनी निदानासाठी ही तपासणी वापरू नये असेच सांगितले आहे. सोलापुरातल्या घरात रोज दूध आणि पोळी खाणाऱ्या माणसाच्या अहवालात दूध व गहू यांपुढे लाल खूण यावी, यात नवल काहीच नाही. तो कागद बाजूला ठेवून द्या.

जी रक्ततपासणी करायला हवी तिचे नाव 'टीटीजी-आयजीए'. तिच्याबरोबर रक्तातील आयजीए या प्रतिद्रव्याचे एकूण प्रमाणही मोजून घ्यावे, कारण सेलिॲक असलेल्या काही रुग्णांमध्ये मुळातच आयजीए कमी असते आणि मग पहिली तपासणी खोटा दिलासा देते. आकडा वाढलेला आला, तर प्रौढांमध्ये सहसा एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या अस्तराचे तुकडे तपासले जातात. यासाठी पोटविकारतज्ज्ञांकडे जावे. ते सोलापुरातच आहेत, पुणे किंवा हैदराबाद गाठण्याची गरज सहसा पडत नाही. मात्र एक अट नीट लक्षात घ्या. या दोन्ही तपासण्या आहारात ग्लूटेन असतानाच विश्वासार्ह ठरतात, कारण गहू सोडल्यावर प्रतिद्रव्ये हळूहळू उतरतात आणि आतडेही सावरू लागते. तुम्ही गहू पुरता सोडलेला नाही, हे या एका बाबतीत पथ्यावर पडले आहे. रक्त आताच, या आठवड्यात तपासून घ्या. आकडा वाढलेला आला तर पुढचा मार्ग मोकळा झाला. तो सामान्य आला तर मात्र त्यावर विसंबू नका. डॉक्टरांशी बोलून साधारण सहा ते आठ आठवडे रोज एक-दोन पोळ्या नियमाने खाऊन तपासणी पुन्हा करावी लागेल. तो काळ सुखाचा नसेल हे मला ठाऊक आहे, पण त्यावर तुमचा पुढचा सगळा आहार ठरणार आहे. दरम्यान जिआर्डियासारखे जंतू, थायरॉइडचा विकार, आतड्याचा क्षय या शक्यताही डॉक्टर पडताळून पाहतीलच.

दूध आणि गहू यांचा त्रास तुम्हाला एकाच वेळी का सुरू झाला असावा, याचेही एक उत्तर आतड्याच्या रचनेत आहे. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखी बारीक लव असते आणि लॅक्टोज फोडणारे लॅक्टेज हे विकर त्या लवेच्या टोकावरच्या पेशींत तयार होते. सेलिॲक आजारात ही लव झिजून सपाट होते, आणि झीज टोकाकडून होत असल्याने लॅक्टेज सुरुवातीलाच हातचे जाते. म्हणजे दुधाचा दोष नसताना दूध बाधू लागते. अशा माणसाने केवळ दूध सोडले तर तात्पुरते बरे वाटते, जुलाब कमी होतात, आणि मूळ कारण तसेच राहते. तुमचा 'निम्मा त्रास कमी झाला' तो कदाचित असा. उलट, गहू काटेकोरपणे सोडून आतडे भरून आले की लॅक्टेज परत तयार होऊ लागते आणि अनेकांना काही महिन्यांनी दूध पुन्हा चालू लागते. दुसरी शक्यता अशी की तुम्हाला लॅक्टोजचा त्रास स्वतंत्रपणे, वयानुसार असावा. जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये लॅक्टोज पूर्णपणे पचत नाही, त्यामुळे तो आजार म्हणण्याजोगाही प्रकार नाही.

सेलिॲकचा गव्हाशी असलेला संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने उलगडला. महायुद्धातील १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला असता त्याच्याकडील सेलिॲकची बालके सुधारली आणि पाव परत मिळू लागताच ती पुन्हा खालावली, हे निरीक्षण त्याच्या आधीच्या संशयाला बळ देणारे ठरले. मुद्दाम सांगण्याचे कारण असे की ही कल्पना कालपरवाची नाही. उत्तर भारतात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या गहू हेच मुख्य अन्न आहे, तिथे झालेल्या पाहण्यांत शंभरात साधारण एका व्यक्तीला हा आजार आढळला आहे. आपल्याकडे तो कमी ऐकू येतो, याचे श्रेय बऱ्याच अंशी भाकरीला द्यावे लागेल.

तपासणीत सेलिॲक ठरले असे धरून पुढचे सांगतो. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि त्यात ढोबळमानाने ३ ग्रॅम, म्हणजे ३००० मिलिग्रॅम ग्लूटेन असते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जात राहिले तरी काही महिन्यांत आतड्याची झीज दिसू लागते, असे अभ्यासांत आढळले आहे. हिशेब मांडून पाहा, हा एका पोळीचा साठावा भाग झाला. परातीच्या कडेला चिकटून राहणारी कणीक त्याहून जास्त भरेल. त्यामुळे रविवारची पोळी तर बंद करावीच लागेल, पण खरा धोका पोळीत नाही, कारण ती डोळ्यांना दिसते. तो गिरणीत आहे.

गिरणीत दळण टाकताना एकदा उभे राहून पाहा. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून होतात, गिरणीवाला पीठ पडते त्या तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीला दोन थापा मारतो, आणि लगेच तुमची ज्वारी वरच्या पाळ्यात ओततो. दगडांच्या फटीत, त्या पिशवीच्या शिवणीत आणि खालच्या डब्याच्या कोपऱ्यात राहिलेले गव्हाचे पीठ तुमच्या ज्वारीबरोबर घरी येते. तुम्ही भाकरी खात असूनही निम्मा त्रास शिल्लक राहण्याचे हे एक कारण असू शकते. उपाय दोनच आहेत. परवडत असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही टाकू नये. घरच्यांचे गहू खुशाल बाहेरून दळून येऊ द्यावेत. ते शक्य नसेल, तर फक्त ज्वारी-बाजरी दळणारी वेगळी चक्की जवळपास असल्यास तिथेच दळण द्यावे. गिरणीवाल्याने 'सकाळी पहिले दळण तुमचे टाकतो' असे सांगितले तरी त्यावर समाधान मानू नये, कारण आदल्या रात्रीचे शेवटचे दळण बहुतेक गव्हाचेच असते. बेसनालाही हेच लागू आहे. हरभऱ्याची डाळ निवडून घरीच दळलेली बरी.

दुसरी लपलेली जागा हिंगाची डबी. बाजारात मिळणारा बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नसून मैदा किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक यांत मळलेला हिंग असतो, आणि पुष्कळ डब्यांवर घटकांत गव्हाचे पीठ स्पष्ट छापलेले असते. आमटीच्या फोडणीत तो रोज पडतो, आणि काळ्या तिखटातही अनेक घरांत घातला जातो. तेव्हा तांदळाच्या पिठाचा हिंग शोधून आणा किंवा वर्षाचे काळे तिखट कराल तेव्हा खडा हिंग, तोही घटक वाचून, घाला. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात, थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत मूठभर गहू पडतो, धपाट्यांना आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांना चिकटपणासाठी कणीक लावण्याची पद्धत आहे. नाचणीची, ज्वारीची म्हणून विकली जाणारी बिस्किटे पाहिली तर घटकांत पहिले नाव अनेकदा मैद्याचे असते. 'मल्टिग्रेन आटा' हा मुख्यतः गहूच. शक्तिवर्धक म्हणून दुधात घालायच्या पुडींपैकी बऱ्याच माल्टच्या, म्हणजे जवाच्या असतात. भजी बेसनाची खरी, पण गाडीवरच्या त्याच कढईत समोसे आणि ब्रेडपॅटिसही तळले जातात. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' असे छापण्यासाठी भारतात एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे लागते. असा शब्द नसेल तर निदान घटकांखालची ॲलर्जीविषयीची ओळ वाचावी, तिच्यात गहू आणि दूध दोन्हींची नोंद करणे बंधनकारक आहे.

खपलीबद्दल तुम्हाला मिळालेला सल्ला चुकीचा आहे. खपली ही गव्हाचीच प्राचीन जात असून तिच्यात ग्लूटेन असतेच. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांना चांगल्या चवीची खीर हवी आहे त्यांनी खपलीचे गोडवे गावेत, सेलिॲकच्या रुग्णाने तिच्या वाटेला जाऊ नये. बन्सी गव्हाचेही तेच, दलिया, रवा, शेवया यांचेही तेच.

दुधाचा विचार करताना मात्र हा सगळा कडकपणा खाली ठेवून द्यावा. गायीच्या वा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असते. ज्यांना ते पचत नाही अशा बहुतेक प्रौढांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे पाव लिटर दुधातले लॅक्टोज विशेष त्रासाशिवाय चालते, तेही जेवणाबरोबर घेतल्यास अधिक सहज. आतडे झिजलेले असेल तर तुमची मर्यादा सध्या याहून कमी असणार, पण शून्य असण्याची शक्यता थोडी. चहात पडणारे अर्धी वाटी दूध पाच-सहा ग्रॅमांच्या आत राहते. दह्यात विरजणाचे जंतू काही लॅक्टोज खाऊन टाकतात आणि उरलेले पोटात गेल्यावरही फोडत राहतात, म्हणून दूध बाधणाऱ्याला वाटीभर दही चालल्याचे नेहमी दिसते. ताकात पाणी असल्याने ते आणखी हलके. साजूक तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतेच, ते बंद करण्याचे काहीच कारण नव्हते. याउलट खव्यात दूध आटलेले असल्याने लॅक्टोजही आटलेले असते, तेव्हा पेढे, बासुंदी, कलाकंद यांपासून तूर्त दूर राहावे. गुलाबजाम तर दोन्ही बाजूंनी वाईट, कारण त्यात खव्याबरोबर मैदाही असतो. लॅक्टोजमुक्त दूध आता बाजारात मिळते. ते खरे दूधच असते, फक्त त्यातील लॅक्टोज आधीच फोडलेले असल्याने चवीला किंचित गोड लागते. (दुधाची ॲलर्जी हा निराळा विकार आहे, त्यात पित्त उठते, ओठ सुजतात, धाप लागते, तसे कधी झाले असेल तर वरचे काहीही तुम्हाला लागू नाही.)

दूध सोडण्याला मी एवढा विरोध का करतो, तर तुमचे घर शाकाहारी आहे. शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्वाचा भरवशाचा स्रोत दूध-दही-ताक हाच आहे. तो तोडला आणि गोळीही घेतली नाही, तर आज लोह कमी आहे, उद्या ब-१२ कमी पडेल आणि थकवा दुप्पट होईल. डॉक्टरांना ब-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) एकदम तपासायला सांगा. कॅल्शियमची प्रौढांची रोजची गरज १००० मिलिग्रॅम मानली जाते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते, तीळ त्याहून कितीतरी समृद्ध आहेत, शेवग्याचा पाला आहेच. तरीही दही-ताक पुन्हा सुरू केल्यास हे गणित पुष्कळ सोपे होते. लोहाची गोळी मात्र दह्याताकाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका.

'खायचे तरी काय' हा प्रश्न सोलापुरात बसून विचारला जावा याचे मला थोडे हसू आले, रागावू नका. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती तुमच्या दारात आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, मका आणि सगळ्या डाळी मुळात ग्लूटेनविरहित आहेत. भाकरी, पिठले, शेंगाचटणी, ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, हुलग्याचे माडगे, हिवाळ्यात हुरडा, संध्याकाळी चुरमुरे. यात गहू नाही आणि दूधही नगण्य. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी असते, ती तुम्ही सर्वांच्या पंगतीत बसून खाऊ शकता. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत चालतात तशी इडली, डोसा, चिंचेचा भात ही आणखी एक मोठी सोय. फक्त सांबारातला हिंग विचारून घ्या. शाळेच्या डब्याला आणि प्रवासाला कडक भाकरी, चटणी यांसारखे दुसरे काही नाही, ती दिवसेंदिवस टिकते आणि बाहेर खाण्याची वेळच येऊ देत नाही. पुरणपोळीच्या दिवशी पुरण वाटीत घेऊन त्यावर तूप घ्या, कटाची आमटी भाताशी खा. शेंगापोळीचे सारण तर लाडू वळूनही तितकेच चांगले लागते.

तपासणीत सेलिॲक नाही असे ठरले, तर गिरणी आणि हिंग यांची चिंता सोडून द्या. गव्हात फ्रुक्टान नावाची शर्करासाखळी असते, ती आतड्यात आंबून वायू धरते आणि कित्येकांना ग्लूटेनऐवजी तिचाच त्रास होतो. तीच फ्रुक्टान लसूण आणि कांद्यात भरपूर असते. मग गव्हाइतकाच संशय शेंगाचटणीतल्या लसणावर घ्यावा लागेल, हे सोलापूरकराला सांगताना जिवावर येते, पण खरे आहे. अशा वेळी हे पदार्थ दुधाप्रमाणेच प्रमाणात ठेवायचे असतात आणि एकेक करून परत आणून पाहायचे असतात.

सासूबाईंविषयी. त्यांना थेरं वाटतात याचा दोष मी त्यांना देणार नाही. लाल खुणांच्या कागदावर सून अर्धे स्वयंपाकघर बंद करते आणि रविवारी पुन्हा पोळीही खाते, हे पाहणाऱ्याला दुसरे काय वाटावे? तुमच्या रविवारच्या पोळीने त्यांचे मन राखले गेले नाही, उलट 'एक खाल्ली तर काय होते' हे त्यांचे मत पक्के झाले. तपासणीचा निकाल घ्यायला जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्यांच्याशीच बोलू द्या. त्यांना समजावणे तुम्ही मानता तितके अवघड नाही, कारण एकादशीचे स्वयंपाकघर त्यांनी आयुष्यभर सांभाळले आहे. भगरीच्या पातेल्यात कणकेचा हात लागलेला चमचा त्या घालू देतील का? वेगळा डबा, वेगळी परात, पुसलेला ओटा, आधी उपवासाचे आणि मग बाकीचे, ही शिस्त त्यांच्या हातात आहे. तुम्हाला फक्त ती रोज हवी आहे. तुमचे पीठ, तुमची परात आणि तुमचा तवा त्यांच्याकडे सोपवा. लाकडी पोळपाट-लाटणे व उलथणे यांच्या चिरांत कणीक बसते, ती तुमच्यासाठी नवी घ्यावी; स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. उपवासाचे पदार्थ बहुतेक तुम्हाला चालणारे आहेत हे खरे, पण म्हणून रोज साबुदाणा खाऊ नका, त्यात पिष्टाशिवाय फारसे काही नसते. बाजारची उपवासाची तयार पिठेही गव्हाच्याच चक्कीवर दळलेली असू शकतात.

प्रसादाचा शिरा हा रवा आणि दूध यांचा मिळून झालेला असतो, म्हणजे तुमच्यासाठी त्याहून गैरसोयीचा पदार्थ शोधून सापडणार नाही. द्रोण हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि शेजारी बसलेल्या मुलाला द्यावा. यात प्रसादाचा अवमान कोणी मानत नाही. ओळखीच्या घरी आदल्या दिवशी फोन करून 'मला केळं ठेवा' एवढे सांगितले तरी पुरते.

हे जन्मभराचे आहे का, याचे उत्तरही दोन्हींसाठी वेगवेगळे आहे. सेलिॲक असेल तर गहू, जव आणि राय (हे धान्य आहे, मोहरी नव्हे) कायमचे बंद. बरे वाटू लागल्यावरही ती सूट मिळत नाही, आणि बरे वाटायला मात्र काही आठवडेच पुरतात. आतड्याची लव भरून यायला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत काळ लागतो. टीटीजीचा आकडा साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहावा. तो उतरला नसेल तर घरात कुठेतरी गहू शिरतो आहे असे समजून आधी गिरणी, मग हिंग, असा माग काढावा. तो उतरला असेल, तर त्या वेळी अर्धा कप दूध जेवणानंतर घेऊन पाहा, सोसले तर काही दिवसांनी कप पूर्ण करा. हिमोग्लोबिनही याच सुमारास चढू लागेल, आणि गोळी तीच असेल.

मुलीच्या बाबतीत घाई करू नका, पण दिरंगाईही नको. सेलिॲकच्या रुग्णाच्या आईवडील, भावंडे व मुले यांपैकी दहात साधारण एकाला हा आजार असू शकतो, आणि मुलांमध्ये तो पोटदुखीबरोबरच खुंटलेल्या वाढीतूनही दिसतो. बालरोगतज्ज्ञांकडे तिच्या उंची-वजनाचा आलेख काढून घ्या. शाळेतील किंवा लसीकरणाच्या कार्डावरील जुन्या नोंदी सोबत न्या, कारण आजच्या उंचीपेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांत ती किती वाढली हे अधिक बोलके असते. तुमची तपासणी होकारार्थी आली तर तिचीही टीटीजी करावीच, आणि आलेख घसरलेला दिसला तर तुमच्या निकालाची वाट न पाहता करावी. पतीची या कारणासाठी तपासणी करण्याची गरज नाही, त्यांचे तुमच्याशी रक्ताचे नाते नाही. तिचे रक्त घेतले जाईपर्यंत तिच्या डब्यातील पोळी आणि रात्रीचे दूध आहे तसेच चालू ठेवा.